चौऱ्याण्णवच्या वर जाईना

गेल्या जूनमध्ये मला नेटच्या कंपनीकडून चार वेळा कळवण्यात आलं की माझी तक्रार दूर झालेली आहे. कळवलं कन्नडमध्ये. मी बेळगावच्या शहापुरातच वाढलो. कन्नड बोलतो, बाजारात त्या भाषेत घासाघीसही करतो. पण शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळं वाचन बसच्या पाटीपलीकडं गेलं नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

घर गल्लीतलं, जुनं, पुढून मागं लांबच लांब. भिंती हातभर जाड. नेट २०० एमबीपीएसच्या वेगाचं. मुलगा माडीवर बसून बेंगळूरच्या कंपनीचं काम करतो आणि मीटिंगमध्ये त्याचं तोंड उघडंच्या उघडं थिजायचं. मी दोष भिंतींना दिला आणि वायफाय पुढं ढकलणारा १,४०० रुपयांचा रिपीटर घेऊन आलो. पैसे पाण्यात. साधा रिपीटर त्याच हवेतून ऐकतो आणि त्याच हवेतून परत बोलतो, वेग साधारण निम्म्यावर येतो. खरा फरक पडला तो राउटर टीव्हीच्या शोकेसमधून काढून जिन्याच्या तोंडाशी टांगल्यावर. माडीवर वेग सातच्या जागी पस्तीस दिसायला लागला. वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांना एकच नाव होतं, ते वेगळं केलं. आमच्या गल्लीत सगळ्यांचे राउटर ६ नंबरच्या चॅनेलवर गर्दी करून होते, मी ११ वर गेलो. (२.४ मध्ये १, ६ आणि ११ एवढेच एकमेकांच्या पायात येत नाहीत, मधला कुठला घेऊ नका.) एका रविवारात हे सगळं झालं.

पण राउटरला टेकून उभं राहिलं तरी ९४. सकाळी ९४, रात्री दोनला उठून बघितलं तरी ९४. नेट मंद असलं की आकडा वरखाली होतो, हा हलतच नव्हता. तेव्हाच शंका यायला हवी होती. मी फोन लावला.

कन्नडला एक, हिंदीला दोन, इंग्रजीला तीन. मी एक दाबला. राउटर बंद करून चालू करा म्हणाले, केला. दुसऱ्या दिवशी रेनकोट निथळत एक पोरगा आला, आपला मोबाईल राउटरजवळ धरला आणि म्हणाला, "सरी ऐत्री (ठीक झालं) काका, नव्वदच्या वर आहे की." मी म्हटलं, पैसे दोनशेचे भरतो. तो म्हणाला, वायफायवर एवढंच येतं. मग म्हणाला, मी येऊन गेलो एवढी नोंद करायची आहे, ओटीपी सांगा. मी सांगितला. तो ओटीपी नोंदीचा नसतो, तक्रार बंद करण्याचा असतो. काम झाल्याशिवाय तो कोणालाही सांगू नका, पोरगा कितीही गोड बोलू दे.

दुसऱ्या तक्रारीला कोणी आलंच नाही, मेसेज आला. तिसऱ्या वेळी फोनवर कळलं की "ग्राहक घरी नव्हते". मी त्या दिवशी दुधालासुद्धा बाहेर पडलो नव्हतो. चौथा मेसेज आला तेव्हा शेजारची सातवीतली पोरगी आमच्या कट्ट्यावर बसली होती. मोबाईल तिच्या हातात दिला. ती सरळ वाचत गेली, "आजोबा, यात लिहिलंय, अडचण सुटली नसली तर २४ तासांत २ पाठवा, नाहीतर तक्रार बंद समजू." मागचे तिन्ही मेसेज तिच्यापुढं धरले. तिन्हींत शेवटची ओळ तीच.

चिडलो कोणावर म्हणाल, तर पहिल्यांदा स्वतःवर. कंपनीवर नंतर, पण जास्त वेळ. ॲपच्या सेटिंगमध्ये मेसेजची भाषा बदलता येते, मराठी नाही पण इंग्रजी आहे, हे मला जुलैत कळलं.

२ पाठवला. तासाभरात वरच्या कोणा साहेबाचा फोन. माझं गाऱ्हाणं अर्धं ऐकून त्यानं विचारलं, "नक्की ९४? कधीच ९६-९७ नाही?" नाही म्हटल्यावर हसला. "काका, दोन डब्यांच्या मधली वायर बघा."

फायबर येते तो डबा दाराजवळ, तिथून राउटरला एक पिवळी वायर. तिच्या टोकाचं पारदर्शक बोंडूक टॉर्चखाली धरलं. आत रंगीत तारा ओळीनं आठ. सात जणी पितळी पट्ट्यांपर्यंत पोचलेल्या, कडेची तपकिरी मात्र गव्हाच्या दाण्याएवढी मागं. आठही तारा लागल्या तरच गिगाबिट, म्हणजे हजारापर्यंतचा वेग, चालतो. एखादी सुटली, पण कामाच्या चार नीट लागलेल्या असल्या, तर डबे गुपचूप १०० वर उतरतात, कुठं लाल दिवाही लागत नाही. शंभरातून डेटाच्या पाकिटांवरच्या पत्त्यांचं ओझं गेलं की हातात उरतात ९४.

खडेबाजारातून कॅट सिक्स जातीची तयार वायर आणली, दीडशे रुपये. राउटरजवळ १९७, माडीवर मात्र पस्तीसच्या आसपासच. माडीचा दोष भिंतीचा, तो मान्य आहे. आधी लॅपटॉप वायरनं राउटरला जोडून वेग बघितला असता, तर ९४ चा दोष हवेत नाही हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

दोन दिवसांनी तोच पोरगा परत आला, ओटीपी सांगा म्हणाला. मी त्याला जुनी वायर दाखवली, त्याच्याच मोबाईलवर वेग मोजायला लावला, शेजारच्या पोरीला हाक मारून मेसेज वाचून घेतला आणि मग ओटीपीचे आकडे सांगितले.