गळकी गाडी, उसनी गाडी

गाडीत पाणी शिरलंय हे आधी नाकाला कळतं, डोळ्यांना नंतर. न्यू जर्सीत ऑक्टोबर सरत आला की गाडीच्या काचा बंद होतात, हीटर सुरू होतो, आणि मग एखाद्या सकाळी दार उघडलं की भिजलेल्या गोणपाटाचा वास येतो. पहिले काही दिवस संशय डब्यावर, जिमच्या पिशवीवर, मुलाच्या बुटांवर. मग काचांवर आतून धुकं धरायला लागतं आणि पुसून जात नाही. शेवटी शेजारच्या सीटवर कुणीतरी बसतं, पाय टेकतं आणि निकाल लावतं. आमच्याकडे तो निकाल आईने लावला. ती देवरुखहून आमच्याकडे राहायला आली होती आणि थंडीमुळे घरातले लोकरी मोजे घालूनच गाडीत बसली होती. "अगं, हा मोजा ओला कसा झाला?"

खालची रबरी मॅट उचलली तर गालिचा चिंब. हाताने दाबला की पाणी वर यायचं.

आता गाडीतलं पाणी तीन घरचं असू शकतं. एक एसीचं. एसी हवेतला दमटपणा गोळा करतो आणि ते पाणी एका नळीतून गाडीखाली सोडतो. उन्हाळ्यात उभ्या गाडीखाली जे थारोळं दिसतं ते हेच. नळी तुंबली की तेच पाणी पायाशी उतरतं. दुसरं कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं. गाडीतला हीटर इंजिनाच्या गरम कूलंटवर चालतो आणि त्याचा छोटा रेडिएटर डॅशबोर्डच्या पोटात असतो. तो फुटला तर पाणी चिकट, रंगीत आणि वासाला गोडसर असतं. हे सगळ्यात खर्चिक. आणि तिसरं साधं पावसाचं. नवरा कागदी रुमाल बुडवून उजेडात धरून बघत होता, वास घेत होता. रुमाल स्वच्छ निघाला, वास मातीचा. पाऊसच. तो इतका खूश झाला की जणू गळतीच थांबली.

पण पाऊस आला कुठून? काचा बंद, दारं बंद, छताचं कापड कोरडं ठणठणीत.

इथे मला एक गोष्ट नव्याने कळली, आणि खरं सांगायचं तर ती कळल्यावर गाड्या बनवणाऱ्यांबद्दलचा आदर वाढला. गाडीत पाणी शिरूच नये अशी गाडी कुणी बनवत नाही. ते शिरणारच हे धरून चालतात आणि त्याला बाहेर जायची वाट करून देतात. खिडकीची काच खालीवर होते तेव्हा तिच्या कडेने पाणी दाराच्या पोटात उतरतं. दाराच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो, तो ते अडवतो, आणि दाराच्या तळाशी भोकं असतात, त्यातून ते निघून जातं. समोरच्या काचेवरचं पाणी बॉनेटच्या मागच्या काळ्या जाळीतून खाली जातं आणि दोन्ही अंगांनी चाकांपाशी बाहेर पडतं. आणि सनरूफ! मला वाटायचं ते काचेचं झाकण बरणीसारखं घट्ट बसत असेल. छे. त्याच्या चारी बाजूंनी पन्हळ असते, रबराखालून येणारं पाणी तिच्यात पडतं, आणि चार कोपऱ्यांतून चार बारीक नळ्या गाडीच्या खांबांमधून खाली उतरतात. म्हणजे पावसात गाडी चालवताना आपल्या कानापासून वीतभर अंतरावरून, आतल्या आत, पाणी वाहत असतं. आपल्याला पत्ता नसतो. पत्ता लागतो तो नळी तुंबल्यावर.

आईला यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही. तिचं माहेर कौलारू. मे महिन्यात शाकारणी, फुटकी कौलं बदलणं, आणि तरीही जूनमध्ये कुठेतरी थेंब पडणारच. ती म्हणाली, "जिथे गळतं तिथे भोक नसतं. वर कुठेतरी कौल सरकलेलं असतं, पाणी वाशावरून चालत येतं आणि मनाला येईल तिथे पडतं. आमचे अण्णा थेंबाखाली घंगाळ ठेवायचे आणि शोधायला भलतीकडेच चढायचे." मग ती ड्राइव्हवेकडे बघून म्हणाली, "आणि तुमची गाडी उतारावर उभी असते, तोंड खाली करून. पाणी पुढेच येणार की."

नंतर जे निघालं ते अक्षरशः हेच होतं. पण त्या वेळी आम्ही आईचं ऐकून घेतलं आणि डीलरला फोन केला. शिकलेल्या लोकांची रीत.

सर्व्हिस काउंटरवरच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला तो गाडी कधी पुरात होती का, हा. त्याचा दोष नाही. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाचे अवशेष इथून गेले तेव्हा नेवार्कला एका दिवसात दोनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. आपल्या कोकणाला तो आकडा ऐकून हसू येईल, पण इथल्या रस्त्यांवर गाड्या तरंगल्या. पुरात बुडालेल्या गाडीच्या मालकीच्या कागदावर तसा शिक्का बसतो आणि तिची किंमत कोसळते; म्हणून काही जण तो शिक्का चुकवून ती दुसऱ्या राज्यात खपवतात. ओला गालिचा दिसला की हे लोक आधी सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज बघतात, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का ते बघतात. आमची गाडी चारित्र्याच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली.

मग दुसरी बातमी. नळी तुंबणं वॉरंटीत बसत नाही. झाडाचा पाला हा कारखान्याचा दोष नव्हे, तो निसर्गाचा. विम्यातही बसत नाही, कारण विमा अचानक आलेल्या संकटाचा असतो आणि पाला हळूहळू साचतो. शोधायचे पैसे तासावर, सापडलं नाही तरी. हा युक्तिवाद मला इतका निर्दोष वाटला की रागही धड आला नाही. "मात्र," तो म्हणाला, "गालिचा काढून वाळवावा लागेल, वेळ लागेल. तोवर लोनर देतो." आणि त्याने असं काही हसून सांगितलं की आपणच लॉटरी जिंकल्यासारखं वाटावं.

लोनर म्हणजे उसनी गाडी. आमच्याकडे देवरुखला साखर उसनी आणायची तर वाटी पुरायची. इथे लायसन्सची प्रत, विम्याच्या कार्डाची प्रत, आणि चार ठिकाणी सही. गाडीभोवती प्रदक्षिणा घालून ओरखड्यांचे फोटो. पेट्रोल जेवढं दिलं तेवढं भरून परत. रोजच्या मैलांची मर्यादा. सिगारेट नाही, कुत्रं-मांजर नाही. आपल्या अपघाताची जबाबदारी बहुतेक वेळा आपल्याच विम्यावर. हे सगळं वाचता वाचता माणूस भाड्याच्या खोलीचा करार करतोय असं वाटायला लागतं.

तोवर आपली गाडी आत नेलेली असते, आणि मग आठवतं की तिच्यात काय काय राहिलं. गॅरेजचं दार उघडायचं बटण. छत्री. मुलाची बूस्टर सीट. काचेला चिकटवलेला टोलचा ई-झी पास. डॅशबोर्डवरचा गणपती. आईने गणपतीसाठी मला परत आत पाठवलं. एवढ्या यंत्रांमध्ये त्याला एकट्याला सोडायचं नाही. हातात गणपती आणि बूस्टर सीट घेऊन मी बाहेर आले तेव्हा काउंटरवरच्या माणसाने वाट दिली आणि अदबीने दार धरलं. ई-झी पास मात्र तोवर गाडीसकट लिफ्टवर चढला होता.

उसनी गाडी आमच्या गाडीपेक्षा नवी, मोठी आणि महाग होती. हा योगायोग नसतो. जुन्या गाडीत तुम्हाला घरी पाठवलं तर तुम्ही आपल्या गाडीची आठवण काढाल. नव्या गाडीत पाठवलं तर आपली गाडी विसराल. शिवाय काही हजार मैल झाल्यावर याच लोनर गाड्या थोड्या स्वस्तात विकायला काढतात. म्हणजे आपण फुकटात गाडी वापरतो असं आपल्याला वाटतं, आणि आपण फुकटात जाहिरात बघतो असं त्यांना माहीत असतं. सीट गरम, स्टिअरिंग गरम, रस्त्यावरचा पट्टा ओलांडला की स्टिअरिंग हलकेच हाताला ढकलून सावध करणार. नवऱ्याने पहिल्याच दिवशी बटणांचा अभ्यास केला. आईला फक्त गरम सीट पटली. "गुडघ्याला बरं आहे हे," असं म्हणून ती कारण नसतानाही गाडीत बसायला तयार असायची.

या गाडीत आधीच्या लोकांच्या खुणा असतात, ही मला सगळ्यात गमतीची गोष्ट वाटली. ब्लूटूथच्या यादीत अनोळखी फोनांची रांग. नकाशात आधी शोधलेली ठिकाणं: कुणी समुद्रकिनारी गेलेलं, कुणी रोज एकाच हॉस्पिटलला, कुणी नेवार्क विमानतळावर दोनदा. चेहरे नसलेली माणसं, पण त्यांचा आठवडा आपल्या समोर पसरलेला. मी आमचं नाव यादीत घालताना जरा थबकले आणि परत करायच्या आधी पुसायचं हे मनाशी ठरवलं. आमच्यानंतर येणाऱ्याला मात्र ओक ट्री रोडवरचं मासळीचं दुकान कळायला काही हरकत नव्हती.

मासळीचा प्रश्न गंभीर होता. एडिसनच्या ओक ट्री रोडवर शनिवारी जायचं हा आमच्या घरचा नेम. मेथी, कोथिंबीर, हिंग, तळलेले फरसाण, आणि आई असली की बांगडे. आपल्या गाडीत हे सगळं बिनदिक्कत येतं. उसन्या गाडीत हिंगाची डबीसुद्धा बॉम्बसारखी वाटायला लागली. करारात सिगारेट होती, कुत्रं होतं, मासळीबद्दल एक अक्षर नव्हतं. पण करारात नाही म्हणून मनात येणार नाही असं थोडंच आहे. आईचं म्हणणं, "विकत घेतलेल्या वस्तूला वास यायचाच." शेवटी बांगडे तीन पिशव्यांत, त्यावर थर्माकोलचा डबा, त्यावर चादर, अशा पेहरावात आले. काचा उघड्या ठेवून, सहा अंश तापमानात, सगळ्यांचे दात वाजत. गरम सीट होती म्हणून निभावलं.

माणूस दुसऱ्याच्या गाडीत किती सज्जन होतो! आम्ही तिच्यात पाणीसुद्धा झाकणाच्या बाटलीतून प्यायलो. मुलाला बूट झटकून चढायची सवय लागली. गाडी दूरच्या कोपऱ्यात लावायची, दोन्ही बाजूंना रिकाम्या जागा ठेवून. आणि घरी आल्यावर ती ओकच्या झाडाखाली उभी करायची नाही, हे तर न बोलता ठरलं होतं.

तो ओकच गुन्हेगार निघाला. रेड ओक हा न्यू जर्सीचा राज्यवृक्ष, १९५० पासून. आमच्या ड्राइव्हवेवर एक आहे. मे महिन्यात त्याला पिवळट तुरे येतात, ते गळून सनरूफच्या पन्हळीत पडतात, भुगा होतात, आणि पावसाबरोबर नळीत उतरतात. डीलरच्या माणसाने गाडीवर खालून वर, टप्प्याटप्प्याने पाइपाने पाणी मारलं. आत दुसरा माणूस टॉर्च घेऊन बसला होता. खालून सुरुवात करायची कारण वरून मारलं तर सगळंच ओलं होतं आणि वाट सापडत नाही. काच झाली, दारं झाली, सगळं कोरडं. सनरूफवर पाणी आलं आणि उजवीकडच्या खांबामागून धार सुरू झाली. पुढची नळी खालच्या तोंडाशी गच्च. पन्हळ भरून पाणी छताच्या कापडाला न शिवता खांबाच्या आतून थेट आईच्या मोज्यापर्यंत. नायलॉनची दोरी हलक्या हाताने घालून नळी मोकळी केली. दाबाने हवा मारायची नाही, कारण नळी आतल्या आत सुटली तर छत उतरवावं लागतं.

वेळ गेला तो गालिच्यात. वरचा केसाळ थर दोन दिवसांत वाळतो आणि आपल्याला फसवतो. त्याखाली जाड गादी असते, ती कित्येक लिटर पाणी पिऊन बसलेली असते. तिच्याखालून तारांचे जुडगे जातात. सीट सोडवल्याशिवाय ती निघत नाही. ती नीट वाळली नाही तर बुरशी धरते, जोडांवर गंज चढतो, आणि काही महिन्यांनी एअरबॅगचा दिवा विनाकारण लागतो. तेव्हा कुणाला या पावसाची आठवण राहत नाही.

गाडी परत करायला निघालो तेव्हा पेट्रोल भरायचं होतं. या राज्यात आपल्या हाताने पेट्रोल भरायला १९४९ पासून कायद्याने मनाई आहे. सगळ्या देशात आता असं एकच राज्य उरलंय. पंपावरचा पोरगा विचारतो, टाकी कुठल्या बाजूला? उसन्या गाडीत हे माहीत नसतं. पेट्रोलच्या काट्याजवळ पंपाचं चित्र असतं आणि त्याच्या बाजूला बारीक बाण असतो, टाकीची बाजू दाखवणारा. हे इतकी वर्षं गाडी चालवून मला त्या दिवशी आईने दाखवलं. "हा बाण कशाला गं?"

आईने खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या. उसनं परत करताना भांडं रिकामं द्यायचं नाही. हे डीलर आहे, शेजारी नव्हे, त्यांचे पैसे आपण मोजून दिलेत, हे सगळं सांगून झालं. काउंटरवरचा माणूस आधी गोंधळला, मग त्याने एक वडी खाल्ली, मग दुसरी, मग आतल्या टॉर्चवाल्याला बोलावलं. जाताना त्याने ठरल्याप्रमाणे विचारलं, लोनर आवडली का, चांगल्या किमतीत देऊ. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी गणपती डॅशबोर्डवर चिकटवत होते.

महिनाभराने डीलरकडून पाकीट आलं. उसन्या गाडीचा टर्नपाइक या हायवेवरचा टोल, आणि तो आमच्यापर्यंत पोचवण्याचं शुल्क, जे टोलहून जास्त होतं. आई तोवर देवरुखला पोचली होती. फोनवर तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि माझा स्टीलचा डबा? तो दिला का त्यांनी परत?"