रत्नागिरीत मुक्काम पेठेतच करा: खाणं, भटकंती आणि आंब्याची खरेदी

रत्नागिरी स्टेशनवर उतरायचं, लगेच गणपतीपुळ्याची गाडी धरायची आणि परतताना हायवेला लागण्याआधी आंब्याची पेटी उचलायची, अशीच बहुतेकांची रत्नागिरी असते. शहर मधल्या मध्ये राहून जातं. आरे-वारेचा किनारा सुंदर आहे यात वाद नाही. पण ज्याला कोकणातलं खाणं मनापासून आवडतं, त्यानं निदान दोन रात्री तरी भर वस्तीत काढाव्यात, असं माझं ठाम मत आहे. यंदा मेच्या सुरुवातीला आम्ही चौघं तसेच राहिलो: मी, नवरा, शाकाहारी सासूबाई आणि परीक्षेतून मोकळी झालेली लेक. त्याच अनुभवावर हे लिहितेय, म्हणजे पुढच्यांना आखणी सोपी जाईल.

आम्ही ठाण्याहून मांडवी एक्सप्रेसनं गेलो. गाडी सकाळची आहे, दुपारी रत्नागिरीला पोचवते, आणि दिवसाउजेडी सगळं कोकण खिडकीतून बघायला मिळतं. रत्नागिरी यायच्या जरा आधी करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. तो संपला की सामान काढायला घ्यायचं. उन्हाळ्याचं आरक्षण सुटल्या सुटल्या संपतं, तेव्हा तारीख लक्षात ठेवून बसा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेही बघून घ्या. स्टेशन शहराबाहेर, कुवारबावच्या बाजूला आहे. बाहेर रिक्षा मिळतात, भाडं आधी ठरवून बसा.

शहराची रचना एकदा डोक्यात बसली की फिरणं सोपं होतं. वर मारुती मंदिर, तिथून उतरत जयस्तंभ, एसटी स्टँड, मग राम आळी आणि गोखले नाक्याची जुनी बाजारपेठ, आणि सगळ्यात खाली मांडवीचा समुद्र. उतरताना चालत जा, चढताना रिक्षा करा. मेच्या उन्हात याहून चांगला सल्ला माझ्याकडे नाही. राहायला स्टँड ते गोखले नाका या पट्ट्यात साध्या लॉजपासून बऱ्यापैकी हॉटेलांपर्यंत सोय आहे. आम्ही एका घरगुती मुक्कामाला होतो. त्याचा मोठा फायदा म्हणजे जेवणाचं आदल्या रात्री सांगून ठेवता येतं. कोकणात ही सवय लावून घ्याच. उकडीचे मोदक, फणसाची भाजी, ओल्या काजूची उसळ या गोष्टी आयत्या वेळी मागून मिळत नाहीत.

सकाळी घावनांसाठी बाहेर पडलो. बाजारपेठेच्या आसपास छोट्या खानावळी आहेत, तिथे सकाळी घावन-चटणी, आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, ओलं खोबरं पेरलेले पोहे असा नाश्ता मिळतो. एका ठिकाणी चूल अगदी दाराशीच होती, म्हणून आम्ही उभं राहून बघत होतो. बिडाचं जाड भिडं तापलेलं. अर्धा कांदा काट्याला टोचलेला, तो तेलात बुडवून काकू भिड्यावरून गोल फिरवायच्या. मग ताकासारखं पातळ तांदळाचं पीठ वाटीनं कडेकडेनं ओतायच्या. चर्रकन आवाज व्हायचा आणि पिठाला आपोआप जाळी सुटायची. वर झाकण. क्षणभरात कडा सुटल्या की घावन अलगद निघायचं, उलटायचं नाही, तसंच घडी घालून ताटलीत. नुसत्या तांदळाचं, ना आंबवलेलं ना सोडा घातलेलं, आणि तरी इतकं मऊ. लेकीनं चटणीबरोबर खाल्लं, सासूबाईंनी गूळ घातलेल्या नारळाच्या रसाबरोबर. रस असेल तर मागून घ्याच, तो सगळीकडे रोज नसतो. नऊ-साडेनऊच्या आत पोचा, नंतर पीठ संपतं.

मासे खाणाऱ्यांनी एक सकाळ मिरकरवाड्यासाठी राखून ठेवावी. महाराष्ट्रातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी हे एक. बोटी लागलेल्या, बर्फ फोडण्याचा आवाज, टोपल्या डोक्यावरून उतरताहेत आणि लिलावाची बोली इतक्या झपाट्यानं चालते की नवख्याला काही कळत नाही. पायाखाली सगळीकडे पाणी आणि खवले असतात, म्हणून पकड असलेल्या चपला घाला, पांढरे कपडे नकोत. कामाच्या वाटेत उभं राहू नका आणि फोटो विचारूनच काढा. विचारलं की माणसं आनंदानं हो म्हणतात. लेकीनं एका मावशींना विचारलं तर त्यांनी टोपलीतला सगळ्यात मोठा हलवा उचलून हातात धरला आणि मगच "आता काढ" म्हणाल्या. ताजा मासा ओळखायचा तर कल्ले उघडून बघा, लालभडक हवेत. डोळे फुगीर आणि चकचकीत हवेत, बोटानं दाबलं तर खळगा राहता कामा नये. राहत्या घरी करून देणार असतील तर आधी विचारा आणि मगच घ्या.

आमच्या मुक्कामाच्या काकूंनी आम्हाला एक गोष्ट पटवून दिली. नवरा सुरमईच्या मागे लागला होता. काकू म्हणाल्या, "अहो, सुरमई तुम्हाला ठाण्यात पण मिळते की. आज मुडदुशी बघा कशी आल्येत. तीच घ्या." दुपारी ती मुडदुशी हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचं आगळ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तळली होती. बोटभर लांबीचा मासा, वरून कुरकुरीत, आत लोण्यासारखा मऊ. बरोबर तांदळाची भाकरी, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. तेव्हा हॉटेलात गेलात तरी पापलेट-सुरमईच्या थाळीवर अडकू नका. "आज ताजं काय आलंय?" एवढंच विचारा. मांदेली, बोंबील, खुबे, कालवं, जे सांगतील ते मागवा. जेवण चांगलं होतं आणि खर्चही कमी. सोमवारी-गुरुवारी इथली बरीच घरं मासे खात नाहीत, त्या दिवशी छोट्या खानावळींत निवड कमी असते. आणि जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. नुसत्या माशांसाठी येणार असाल तर ते दिवस टाळा.

सासूबाईंचं ताट मात्र आम्हा सगळ्यांच्या ताटांपेक्षा सरस होतं, हे मी मनापासून सांगते. कोकणचं शाकाहारी जेवण लोकांच्या नजरेतून सुटतं, त्याचं मला वाईट वाटतं. हंगामाच्या शेवटच्या ओल्या काजूगरांची उसळ, कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं आणि रायवळ आंब्याचं सासव. हे सासव शहरात कुठे मिळत नाही. छोटे पिकलेले रायवळ आंबे अख्खे, बाठ्यासकट, आणि त्यावर नारळ-मोहरीचं वाटण, गूळ, सुक्या मिरचीचा तिखटपणा. गोड, आंबट, तिखट आणि मोहरीचा नाकात जाणारा ठसका, सगळं एकदम. बाठा हातात धरून चोखायचा, तिथे चमच्याचं काम नाही. ओले काजूगर हवे असतील तर फेब्रुवारी ते एप्रिल यादरम्यान या, मेमध्ये मिळाले तर नशीब.

दुपारी एक ते चार बाहेर हिंडू नका. पेठेतली बरीच दुकानंही या वेळात बंद असतात. जेवून पडायचं, आणि अगदीच चैन पडत नसेल तर छपराखालची ठिकाणं बघायची. झाडगावचं मत्स्यालय मुलांना आवडतं, देवमाशाचा प्रचंड सांगाडा तिथे आहे. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर पेठेतून चालत जाण्याच्या अंतरावर. २३ जुलै १८५६ ला टिळक जन्मले ती खोली, उतरतं कौलारू छप्पर, आणि भर दुपारीही आत गारवा. तसंच पतितपावन मंदिर. सावरकर इथे स्थानबद्ध असताना त्यांच्या पुढाकारानं भागोजीशेठ कीरांनी १९३१ मध्ये ते बांधलं, सर्व जातींना खुलं. खाण्याच्या नादात ही दोन ठिकाणं सोडू नका.

थिबा पॅलेसला ऊन कलल्यावर जा. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा १९१० मध्ये तयार झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. मायदेश पुन्हा त्याच्या नजरेला पडला नाही. लाकडी कमानी, रंगीत काचा, मागच्या बाजूनं दिसणारी खाडी. आत संग्रहालय आहे, सोमवारी जाऊ नका, बंद मिळेल. तिथून जवळच थिबा पॉइंट. भाट्याची खाडी, पूल, होड्या आणि पलीकडचा समुद्र एका नजरेत दिसतो.

संध्याकाळ मांडवीची. या किनाऱ्याची वाळू काळी, म्हणून याला काळा समुद्र म्हणतात. मिऱ्याच्या बाजूचा तो पांढरा समुद्र. मांडवीच्या जेटीवर सगळं गाव लोटतं: आजी-आजोबा कठड्यावर, पोरं सायकलींवर, भेळ-पाणीपुरीच्या गाड्यांभोवती गर्दी. आम्ही कैरीचे तिखटमीठ लावलेले काप घेऊन टोकापर्यंत गेलो. उजवीकडे रत्नदुर्गाचा डोंगर समुद्रात घुसलेला दिसतो. त्या किल्ल्यावर भगवतीचं देऊळ आहे, तटावरून तिन्ही बाजूंना पाणी दिसतं, तिथे दुसऱ्या संध्याकाळी जा. पोहण्याचा मोह मात्र मांडवीला आवरा. लांबलचक वाळूत पाय भिजवायचे असतील तर पूल ओलांडून भाट्याला जा, सुरूच्या बनात सावलीही मिळते. तिथेही स्थानिकांना विचारल्याशिवाय आत शिरू नका.

आता आंबा. पेठेत पेट्या पावलोपावली दिसतील, पण जमलं तर ओळखीनं एखाद्या बागायतदाराच्या घरी जाऊन आढी बघा. आमच्या मुक्कामाच्या काकांनी त्यांच्या भावाकडे नेलं. माजघरात अंधार, जमिनीवर भाताचा पेंढा, त्यावर आंब्यांचा थर, पुन्हा पेंढा. दारातच वासानं भूक लागते. आंबे झेल्यानं, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या काठीनं, उतरवलेले, प्रत्येकाला थोडं देठ ठेवलेलं. देठ तुटलं तर चीक फळावर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. काकांनी एक आंबा कापून दाखवला, साल केशरी नव्हती, थोडी हिरवट होती, आत मात्र गर भगवा. रंगावर जाऊ नका, देठाजवळ वास घ्या. वास नाही आणि पिवळाधमक आहे, तर तो आंबा घेऊ नये. आत साका (गराचा पांढरट, खराब झालेला भाग) निघेल की नाही हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही, म्हणून ओळखीचा विक्रेता हवा, तो बदलून देतो. भाव मार्च-एप्रिलमध्ये चढा असतो, मेच्या मध्याला उतरतो. पण वळवाचा पाऊस पडला की फळ बिघडायला लागतं, तेव्हा फार थांबूही नका. घरी न्यायला अर्धे तयार आणि अर्धे कच्चे अशी पेटी भरून मागा, म्हणजे सगळे एकदम पिकत नाहीत.

बाकी खरेदी राम आळीत उरकते. आंबापोळी, फणसपोळी, तळलेले गरे, कुळथाचं पीठ, मिरगुंडं, आमसुलं. कोकम घेताना नीट बघून घ्या: आगळ खारट असतं, ते सोलकढीसाठी, सरबताला गोड अमृत कोकम लागतं. घाईत लोक एकाऐवजी दुसरं उचलतात. आंबापोळी चाखूनच घ्या, विक्रेते तुकडा देतात, नुसती साखर लागली तर पुढच्या दुकानात जा. आगळाच्या बाटल्यांची झाकणं गळतात. प्रत्येक बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उभी ठेवा.

मे जमत नसेल तर शिमग्याला या. बारा वाड्यांचं ग्रामदैवत श्री भैरीची पालखी तेव्हा बाहेर पडते, ढोल-ताशांनी शहर दणाणतं आणि ऊनही सोसवण्यासारखं असतं. ओले काजूगर तेव्हा भरपूर, हापूस मात्र महाग. राहायची जागा आधी पक्की करा, कारण चाकरमानी गावाला आलेले असतात. परतीच्या गाडीत आंब्याची पेटी सीटखाली ठेवा, खिडकीच्या उन्हात नको, आणि घरी पोचल्यावर लगेच उघडून आंबे मोकळे करा.