नवा लॅपटॉप: पत्रा, सांधे आणि बिजागरी

बुधवार, रात्री साडेदहा. पाऊस लागून राहिलाय.

१४ इंची मशीन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १ किलो ४२० ग्रॅम भरलं, चार्जर वायरीसकट आणखी ३१० ग्रॅम. बॅग उचलताना हे दोन्ही आकडे धरायचे, जाहिरातीत फक्त पहिला असतो.

दुकानात 'मेटल बॉडी' म्हणतात तेव्हा बहुतेकदा झाकण तेवढं अ‍ॅल्युमिनियमचं असतं. इथंही तसंच. कीबोर्डभोवतीचा भाग आणि बूड प्लास्टिकचं, वर त्याच राखाडी रंगाचा मुलामा, त्यामुळं नजर फसते. तळहात टेकवला की कळतं: पत्रा गार लागतो, प्लास्टिक लागत नाही. प्लास्टिक वाईट असं नाही, जाड आणि आतून नीट फासळ्या दिलेलं असेल तर ते पातळ पत्र्यापेक्षा बरं. पत्र्याला पोचा आला की तो कायमचा.

उद्यमनगरातल्या कारखान्यांत कास्टिंग-मशिनिंगमध्ये हयात गेलेला माणूस चकाकी बघणार नाही, कडा बघेल. बर (कापल्यावर कडेला राहणारी बारीक खरखरीत धार) राहिलीय का, सांध सगळीकडं सारखी आहे का. फट मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिलर गेज, नसेल तर व्हिजिटिंग कार्ड घ्यावं. बंद झाकणाच्या नव्हे, खालच्या बुडाच्या सांधीत ते चारी बाजूंनी फिरवलं. डाव्या मागच्या कोपऱ्यात टोक किंचित शिरतंय, बाकी कुठं नाही. हा कोपरा लक्षात ठेवायचा, कारण बिजागरी तिथंच आहे.

लॅपटॉप मोडतो तो बहुधा बिजागरीपाशी. बिजागरी स्वतः पोलादी असते, ती क्वचितच तुटते. पण तिचे स्क्रू ज्या पितळी बुशात (आतून आटे पाडलेल्या छोट्या नळीत) बसतात त्या बुश प्लास्टिकच्या खुंटात रुतवलेल्या असतात. बिजागरी घट्ट असली की उघडताना सगळा पीळ त्या खुंटावर येतो, एक दिवस खुंट चिरतो, बुश उपटून येते आणि झाकण उघडताना बूड फाकायला लागतं. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडलं की सगळा भार एकाच बिजागरीवर जातो, म्हणून मधोमध धरून उघडायचं. या मशीनचं झाकण एका बोटानं उघडतं, बूड जागचं हलत नाही. बिजागरी योग्य तेवढीच घट्ट आहे. कार्ड मात्र दर महिन्याला फिरवून बघणार.

ओट्याच्या कडाप्प्यावर ठेवून चारही कोपरे आळीपाळीनं दाबले. डुगडुगत नाही. 'जी' आणि 'एच'च्या मधे अंगठ्यानं दाबलं तर कीबोर्ड थोडा खाली जातो. टाइप करताना जाणवत नाही, म्हणून तक्रार नाही. टचपॅडचा खालचा डावा कोपरा पोकळ वाजतो, ते खटकलं. तळहाताखालची पुढची कड जरा धारदार आहे. मनगटाला तासाभरात वळ उठतो.

बुडाला दहा स्क्रू, पैकी मागचे दोन लांब. कधी उघडलंच तर कागदावर बुडाचं चित्र काढून स्क्रू जागच्या जागी टोचून ठेवायचे. लांब स्क्रू आखूडाच्या जागी पिळला की वरच्या बाजूला फोड येतो. बदलून मिळायची मुदत संपेपर्यंत हात लावायचा नाही.

आता पत्र्याच्या झाकणाचा दुसरा प्रकार. चार्जिंगला लावून बोट हलकं फिरवलं की झिणझिण्या येतात. मशीन बिघडलेलं नाही. चार्जरच्या आत विजेतला गोंगाट (नॉइज) गाळायला बसवलेल्या छोट्या कपॅसिटरमधून अगदी थोडी गळती बॉडीपर्यंत येते. प्रवाह एक मिलिअँपिअरहूनही कमी, पण बोटाला कळतो. दोन पिनांच्या चार्जरला ती जमिनीत सोडायला वाटच नाही. तीन पिनांचा असला तरी जुन्या पेठांतल्या घरांत अनेकदा तिसऱ्या भोकामागं वायरच नसते. पिनेला रबरी अडॅप्टर लावून तिसरी पिन लोंबकळत ठेवणाऱ्यांनी तर बोलूच नये.

बॅटरीचा रिपोर्ट काढला: नमूद क्षमता ५०,००० मिलिवॉट-अवर, प्रत्यक्षात पूर्ण चार्जला ५०,९००. नव्याला शोभेल असं. चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा लावून टाकली, मशीन बहुतेक वेळ प्लगवरच राहणार आहे.

हवा बुडातून आत येते, मागून बाहेर पडते. म्हणजे गादीवर ठेवायचं नाही. आणि लेथशेजारी तर नाहीच: स्पीकरच्या आणि झाकणाच्या चुंबकांना लोखंडाचा कीस चिकटतो, पंख्यानं तो आत ओढला की बोर्डावर शॉर्ट व्हायला एक कण पुरतो.

स्क्रीन रात्री दिवे घालवून काळी करून पाहिली. खाली उजवीकडं फिकट डाग आहे, पूर्ण अंधारातच दिसतो. चालेल.

उद्या सकाळी टेस्ट लॅम्प घेऊन टेबलामागचा सॉकेट: फेज आणि अर्थिंगमध्ये दिवा पूर्ण पेटला पाहिजे. पेटला नाही तर आधी वायरमन.