आभाळ आलं की मी कॅमेरा काढतो

वावरातल्या कापूसवेचणीच्या फोटोंना जुन्या अल्बममधल्यासारखे मऊ, जरा विटलेले रंग मला फिल्मवरच हवे होते. फोनमधल्या फिल्टरनं येतात ते रंग सगळ्या फोटोंवर एकाच मापानं फासल्यासारखे दिसतात. कॅमेरा सहज मिळाला. तालुक्याला लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकानं दुकान आवरलं, त्याच्याकडून यशिका मॅट १२४ जी घेतला. १९७० साली आलेलं हे मॉडेल. दोन भिंगं, वरून मान खाली घालून बघायचं, १२०ची म्हणजे रुंद पट्टीची फिल्म आणि एका रोलमध्ये ६ बाय ६ सेंटिमीटरचे १२ फोटो. त्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला लागणारी पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, म्हणून हातात धरायचं वेगळं मीटर घेतलं.

फिल्म निवडताना फार डोकं खाजवावं लागलं नाही. कोडॅक एक्टार १०० भडक रंग देते, ती बाद. पोर्ट्रा ४०० मुळातच सौम्य, म्हणून ती. पण ती ४०० आयएसओची (फिल्म उजेडाला किती लवकर दाद देते त्याचा हा आकडा) धरून काढली की सावल्यांत रंग जरा जड येतात. मी ती २०० समजून काढतो, म्हणजे एक स्टॉप जास्त, दुप्पट उजेड देतो. रंगीत निगेटिव्हला जास्तीचा उजेड सोसतो, कमी मात्र सोसत नाही. कमी पडला की सावल्या चिखलासारख्या होतात आणि दाणे वर येतात. जास्त मिळाला की सावल्या मोकळ्या होतात, आणि स्कॅन करताना कॉन्ट्रास्ट खाली आणायला जागा राहते.

खरी मेहनत वावरात. कपाशीचं वावर मीटरला चकवतं. खाली काळी माती, वर फुटलेली पांढरी बोंडं. मीटरला समोरचं सगळं मध्यम राखाडी वाटतं. मातीकडे धरलं तर ते उगाच जास्त उजेड मागतं, कापसाकडे धरलं तर कमी. म्हणून मीटरवरचा पांढरा घुमट कॅमेऱ्याच्या दिशेनं करून, वेचणाऱ्या बाईच्या चेहऱ्याजवळ धरतो आणि पडणारा उजेडच मोजतो. बाया आधी हसायच्या, हा काय ताप मोजतो का म्हणून. आता मीटर दिसलं की एखादी स्वतःहून गाल पुढे करते. थांबायला मात्र कोणी थांबत नाही. मजुरी किलोवर मिळते, दोन मिनिटं उभं राहणं म्हणजे मूठभर कापूस कमी. मान खाली घालून बघायच्या या कॅमेऱ्याचा इथे फायदा होतो. आपण रोखून बघतोय असं कोणाला वाटत नाही. काचेवर डावं-उजवं उलटं दिसतं, तेवढी सवय लागते.

आणि उजेड. आमच्याकडचं ऊन हिवाळ्यातही दहा वाजले की डोळ्यांत घुसतं. त्या उन्हात कोणतीही फिल्म घाला, सावली कापल्यासारखी येते. दंव असतं तेव्हा उजेड छान असतो, पण ओला कापूस कोणी वेचत नाही, त्यामुळे वावरात माणूस नसतं. बाया येतात तोवर ऊन चढलेलं. उरतो तो ढगाळ दिवस. पातळ आभाळ आलं की सावल्या विरघळतात, हिरवं मवाळ होतं, लुगड्यांचा लाल जरा दबतो. मला हवं ते सगळं. पण त्या दिवसांत वेचायला आलेला कापूस भिजायची धास्ती, आणि तुरीवर अळी. पहिल्यांदा ढग बघून मी खुशीत वावरात पोचलो तेव्हा काकाजी बांधावरूनच ओरडले, "तुले आभाळ पाहिजे अन् माह्या तुरीले अळी! जाय घरी!" तेव्हापासून ढगाळ दिवशी जातो, पण चेहरा जरा पाडून जातो.

जवळपास १२०चा रंगीत रोल धुणारं कोणी नाही, म्हणून घरीच धुतो. रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या सी-४१ या पद्धतीत डेव्हलपरला, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाला, ३७.८ अंश सेल्सिअस तापमान आणि ३ मिनिटं १५ सेकंद लागतात, आणि तापमान इकडचं तिकडे झालं की रंग बिघडतात. थंडीत मोठ्या घमेल्यात गरम पाणी घेऊन बाटल्या त्यात बुडवून ठेवायच्या आणि थर्मामीटरवर डोळा. मे महिन्यात उलटी तऱ्हा. टाकीतलं पाणीच त्याहून गरम येतं, ते थंड करावं लागतं. खरं सांगायचं तर उन्हाळ्यात मी रोल काढतच नाही, फिल्म फ्रिजमध्ये पडून असते. वापरायच्या आधी बाहेर काढून बंद पाकिटातच तिचा गारवा जाऊ देतो, नाहीतर गार फिल्मवर दव धरतं. बोअरचं पाणी जड, वाळल्यावर निगेटिव्हवर पांढरे ठिपके राहतात. शेवटचं पाणी म्हणून बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल वॉटर चालतं. त्यात स्टॅबिलायझर, म्हणजे रंग टिकवायचं रसायन, मिसळायचं आणि रोल न्हाणीघरात टांगायचा, कारण घरात कापसाचे तंतू उडतात आणि ते चिकटले की निघत नाहीत.

वाळलेली निगेटिव्ह नारिंगी दिसते. हा नारिंगी थर फिल्ममधल्या रंगद्रव्यांच्या उणिवा भरून काढायला मुद्दाम ठेवलेला असतो. स्कॅनमधले निगेटिव्हचे उलटे रंग सुलटे करताना तो आधी काढावा लागतो, आणि मग रंग किती दाबायचे ते आपल्या हातात.

एका सुगीत मोठ्या आईचा वेचणीतला फोटो मनासारखा आला. हिरवं लुगडं राखी झाक घेऊन, मागे कापूस दुधट. प्रिंट काढून नेऊन दिला. तिनं तो उजेडात धरला, उलटा करून बघितला. "हा तं उडून गेलेला फोटो होय, बाप्पा. माहं लुगडं हिरवंगार होतं ना!" मग ट्रंकेतून लग्नाचा अल्बम काढला. त्यातले फोटो सगळे लालसर पडलेले. जुन्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंग अंधारात ठेवूनही आधी मरतो, त्याचा हा परिणाम. ज्याला मी मोठ्या कौतुकानं जुना रंग म्हणत होतो, तो तिच्या लेखी बिघडलेला फोटो होता.

त्याच निगेटिव्हवरून दुसरा प्रिंट काढला, हिरवा भरपूर चढवून. निगेटिव्हमध्ये तो होताच. तिनं तो फ्रेम करून घेतला, पहिला माझ्या फाईलमध्ये आहे. आता वावरातल्या कोणालाही प्रिंट द्यायचा असला की आधीच विचारतो, रंग कसा पाहिजे. आजवर फिका कोणी मागितला नाही.