तुम्ही विचारलंत म्हणून: हे मुंबईत, आम्ही बडोद्यात

खंडेराव मार्केटात भाजी घेताना, हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, प्रश्न एकच. "हे मुंबईत नि तुम्ही इथे, असं का हो?" समोरच्या बेन विचारतात, "भाई मुंबईमां, ने तमे अहींयां?" विचारणारीची नजर मात्र भलतंच काही शोधत असते. म्हणून ते आधी सांगते. आमचं बिनसलेलं नाही. हे शुक्रवारी रात्रीच्या गाडीत बसतात, पहाटे घरी येतात, रविवारी रात्री परत जातात. जवळपास ३९० किलोमीटर, दर आठवड्याला. बिनसलेला माणूस एवढं करत नाही.

२०१६ मध्ये आम्ही तिघंही मुंबईलाच गेलो होतो. मुलुंड पूर्व घेतलं, कारण यांचं ऑफिस विक्रोळीला आणि मुलुंडमध्ये मराठीबरोबर गुजरातीही कानावर पडतं. वन बीएचके, भाडं २३ हजार, डिपॉझिट लाखभर, वर एजंटला एक महिन्याचं भाडं. करार अकरा महिन्यांचा. तो संपला की भाडं वाढवून द्या, नाहीतर नवं घर शोधा आणि पुन्हा एजंट, पुन्हा करार, पुन्हा टेम्पो. हातात येणारा पगार ६२ हजार. मी बडोद्यातली शाळेची नोकरी सोडून गेले होते. मुंबईत शाळेत १४ हजार मिळत होते, पण पाळणाघर आणि रिक्षा वजा केली की हातात भाजीचे पैसे उरले असते. म्हणून घरी बसले.

प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत घरभाड्याच्या सवलतीसाठी मूळ पगाराची मर्यादा मुंबईला ५० टक्के आणि बडोद्याला ४० टक्के. आमचे एक नातेवाईक, स्वतः हिशेब तपासनीस, मला हे समजावून सांगत होते, की बघ, सरकारने महागाई धरलेली आहे. दहा टक्क्यांचा फरक धरलाय. बडोद्यात तेवढ्याच खोल्या सात हजाराला मिळत होत्या. आणि इथलं आमचं घर तर स्वतःचं आहे.

खरी गोष्ट सासूबाईंची आहे. ती मी आजवर कोणाला सांगितली नाही.

सासरे गेले आणि आई एकट्या पडल्या, म्हणून त्यांना मुलुंडला आणलं. हॉलमध्ये दिवाण टाकला. यांचे रात्री उशिरापर्यंत कॉल असायचे, तेही हॉलमध्येच, कारण आतल्या खोलीत मुलगी झोपलेली. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. झोपल्यात असं दाखवायच्या. मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे.

२०१९ च्या एप्रिलमध्ये करार संपत आला तेव्हा आम्ही टू बीएचके बघायला गेलो. आईंनाही नेलं. तिसरा मजला, लिफ्ट, दोन्ही खोल्यांना खिडक्या. आई रिकाम्या हॉलमध्ये फरशीवर बसल्या आणि एजंटला विचारलं, "भाडं किती?" तो म्हणाला, "३८ हजार, आजी." हे गप्प. मी खिडकीतून खाली बघत होते. तेवढ्यात आई म्हणाल्या, "आपलं दांडिया बाजारचं विकून टाका. मी सही करते. इथे एक घर घेऊन टाका म्हणजे भाड्याची कटकट नको."

त्या घरात त्या एकोणिसाव्या वर्षी आल्या. आजेसासरे गायकवाडांच्या संस्थानात कारकून होते, त्यांनी घेतलेलं घर. वाटणीत आमच्याकडे तीन खोल्या आणि माळा. एजंटने लगेच मोबाइल काढला. वाईट माणूस नव्हता, उत्साहाने विचारलं, "बडोद्याच्या घराचे किती येतील, आजी?" आई म्हणाल्या, "तीस लाख तरी येतील." त्याने काहीतरी आकडे दाबले, मग थांबला आणि मोबाइल खिशात ठेवला. मुलुंडमध्ये वन बीएचके तेव्हा कोटीच्या आसपास होतं. त्याने ते बोलून दाखवलं नाही. आईंनी त्याच्या तोंडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि ठिबकणारा नळ पिळून घट्ट बंद केला. जणू आता निघायचंच आहे.

घरी येऊन मीच म्हणाले, मी, आई आणि मुलगी बडोद्याला जातो. हे काही दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. जूनमध्ये मुलगी इथल्या शाळेत बसली.

पुण्याचे लोक म्हणतात, तुमचे पूर्वजसुद्धा नोकरीसाठी बायकामुलं घेऊन बडोद्याला गेलेच ना? गेले. पण त्या कारकुनाने इथे पगारातून घर घेतलं. माझा नवरा इंजिनिअर आहे आणि भांडुपला दोन सहकाऱ्यांबरोबर एका खोलीत राहतो. डबा, भाडं, गाडीची तिकिटं सगळं धरूनही दोन ठिकाणचा संसार मुलुंडच्या एका संसारापेक्षा स्वस्त पडतो. वर माझ्या गणिताच्या शिकवण्या चालतात.

आता एक कबूल करते. पैसा हे कारण खरंच, पण मोठ्याने सांगता येण्यासारखं कारणही तेच होतं. मला स्वतःलाही परत यायचं होतं. तिथे माझा जीव गुदमरत होता. आईंच्या निमित्ताने मला ते म्हणता आलं.

आणि लग्न झालं तेव्हाची मी आज समोर आली तर मला सोडणार नाही. ती म्हणायची, अर्धी भाकरी खाऊ पण एकत्र राहू. मी तिला हिशेबाची वही दाखवीन. ती २०२० दाखवील. टाळेबंदीत हे वर्षाहून जास्त काळ घरी होते, माळ्यावर टेबल टाकून काम करायचे. रोज चौघांची ताटं एकत्र. मुलीला सायकल त्यांनीच शिकवली. आई हसायला लागल्या होत्या. मग ऑफिसने परत बोलावलं. त्या दिवसांपुढे माझी वही टिकत नाही, हे मला मान्य आहे. पण ते दिवस बडोद्याच्या बिनभाड्याच्या घरात मुंबईचा पगार येत होता म्हणून तसे गेले. यावर तिच्याकडे उत्तर नाही, आणि माझ्याकडेही पुढचं काही नाही.

लोक म्हणतात, बुलेट ट्रेन आली की रोज ये-जा करतील. २०१७ मध्ये पायाभरणी झाली तेव्हापासून ऐकतेय. मुलगी तेव्हा बालवाडीत होती.

आता ती म्हणते, दहावीनंतर मी पप्पांकडे जाणार. हे म्हणतात, तेव्हा सगळेच या. आई म्हणतात, मला धरू नका. मी काही म्हणत नाही.

तेव्हा मला विचारा, कितीही वेळा विचारा. फक्त जिन्यात गाठून माझ्या मुलीला "पप्पा कायमचे कधी येणार?" असं विचारू नका.