गड्ड्याची तयारी: पांढरी बाराबंदी, भर ऊन आणि फ्लॅश

अखेर मामांच्या बाराबंदीची (गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला घालतात तो बंदांचा पांढरा अंगरखा) वीण फोटोत उतरली! मागच्या वेळी भर उन्हातले फोटो फसले होते. चेहरा उजळला की कापड कोरा कागद, कापड सांभाळलं की चेहरा काळाठिक्कर.

काल कंबर तलावावर साडेअकराला पुन्हा उभे राहिलो. ऊन मामांच्या पाठीशी, आयएसओ १००. सुरुवात एचएसएसनेच (हाय-स्पीड सिंक, वेगवान शटरलाही फ्लॅश चालवण्याची सोय) केली, १/१६०० आणि एफ/४. सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी) दोन मीटरवर, फ्लॅश फुल पॉवरला, तरी चेहऱ्यावर उजेड नावालाच. दहा-बारा फोटोंत फ्लॅश तापून बंद पडला. "काय बे, झालं का?" मामांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मग एचएसएस बंदच केलं. शटर १/२००, लेन्सवर तीन स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारी काळी काच; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), अ‍ॅपर्चर एफ/५.६. एनडी फ्लॅशचाही उजेड खातो हे खरं, पण एचएसएसमध्ये फ्लॅश तुकड्या-तुकड्यांनी पेटत राहतो, त्यात याहून जास्त वाया जातो. माझ्या फ्लॅशवर साधारण दोन स्टॉप परत मिळाले. (स्वस्तातला व्हेरिएबल, म्हणजे फिरवून गडद-फिका करता येणारा एनडी घेऊ नका. माझ्याकडच्याने पांढऱ्यावर पिवळट झाक आणली, मी साध्या एनडीवर आलोय.)

तरी कापड जळतच होतं, कारण फ्लॅश चेहऱ्याइतकाच छातीवरही पडत होता. इथे तासभर गेला. पॉवर कमी-जास्त करून काही होईना. शेवटी भाच्याला सॉफ्टबॉक्स मामांच्या डोक्याच्या वर, चेहऱ्यापासून जेमतेम ८० सेंटीमीटरवर धरायला लावला आणि सॉफ्टबॉक्सचं तोंड किंचित वर वळवलं. चेहरा ८० वर, कंबर १३० वर, म्हणजे कंबरेपाशी उजेड चेहऱ्यावरच्या उजेडाच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी. शिवाय दोन मीटरच्या मानाने चेहऱ्याला सहापट उजेड. एकाच हालचालीत दोन्ही दुखणी गेली! बंदांच्या गाठी, खांद्यावरच्या चुण्या, मिशीचे पांढरे केस, सगळं दिसतंय. मी तो फोटो रात्री कितीदा उघडून पाहिला.

२०० वॅट-सेकंदचा मोठा स्ट्रोब (जास्त ताकदीचा फ्लॅश) घ्यायचं ठरलं होतं, ते आता थांबवतोय. जानेवारीत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत स्टँड रोवायला जागा कुठली? फ्लॅश मोनोपॉडवर (एकपायी दांड्यावर) लावून भाच्याच्या हाती द्यायचा. हे लिहिता लिहिता सुचलं, सॉफ्टबॉक्सऐवजी छोटी ग्रिड (उजेड पसरू न देणारी जाळी) लावली तर उजेड चेहऱ्यापुरताच राहील, वाऱ्याचाही त्रास नाही. उजेड कडक पडेल, पण मामांच्या रापलेल्या चेहऱ्याला तो शोभेल असं वाटतंय. रविवारी त्याच वेळी, त्याच जागी ग्रिड लावून बघतो. मामांनी बाराबंदी धुवायला टाकलीये.