तुम्ही विचारलंत म्हणून: केनियात शेजारी शेजाऱ्यावर का उठले?

"तुम्ही तिथे राहिलात ना, मग सांगा. काल-परवापर्यंत एकमेकांच्या घरी चहा पिणारी माणसं एका रात्रीत कोयते घेऊन कशी उठली?"

केनियात आठ वर्षं काढून परत आल्यापासून २००७ च्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचाराबद्दलचा हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, गाडीत, दवाखान्याच्या बाकावर, सगळीकडे विचारला गेलाय. विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा उत्तरही तयार असतं: "जमातींची जुनी वैरं असणार." मी काहीतरी पुटपुटून विषय बदलायचे. आता तसं करवत नाही. ते उत्तर खोटं आहे, आणि ते खरं मानलं की ज्यांनी हे घडवलं ते सगळे सुटतात.

आम्ही २००३ पासून रिफ्ट व्हॅली या भागातल्या नाकुरू शहरात होतो. नवऱ्याची नोकरी पिठाच्या कारखान्यात, मी तिथेच हिशेब बघायचे. २७ डिसेंबर २००७ ला मतदान झालं तेव्हा लोक पहाटेपासून रांगेत उभे होते, कुठे आरडाओरडा नाही. पहिले निकाल आले त्यात विरोधी उमेदवार राइला ओडिंगा चांगले पुढे होते. मग आघाडी वितळत गेली. ३० तारखेच्या संध्याकाळी निवडणूक आयोगाचे अध्यक्ष सॅम्युएल किवुइटू यांनी फक्त सरकारी वाहिनीच्या कॅमेऱ्यासमोर निकाल वाचला: सत्तेवरचे राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी ४५ लाख ८४ हजार, ओडिंगा ४३ लाख ५३ हजार. तासाभरात, अंधार पडता पडता, किबाकींचा शपथविधीही उरकला.

मी तो शेजारच्या ममांच्या टीव्हीवर पाहिला. ममा किकुयु जमातीच्या, किबाकीही किकुयु. त्यांचाच माणूस निवडून आला होता. पण ममांनी टाळी वाजवली नाही. हातातला टॉवेल तसाच धरून त्या म्हणाल्या, "एवढी घाई कसली?"

मला विचाराल तर पुढच्या दोन महिन्यांचं उत्तर त्या प्रश्नात आहे. पुढे दोनच दिवसांत खुद्द किवुइटूंनी पत्रकारांना सांगितलं की किबाकी खरंच जिंकलेत का हे आपल्याला माहीत नाही. नंतर निवडणुकीच्या चौकशीसाठी नेमलेल्या क्रीग्लर आयोगाने तर लिहूनच ठेवलं की मतांच्या नोंदी इतक्या बिघडल्या आहेत की कोण जिंकलं ते आता ठरवताच येणार नाही. रांगा शांत आणि बेरीज सडकी. आयुष्यभर खतावण्या तपासलेल्या बाईला याहून भयंकर वाक्य सुचणार नाही.

बरं, मग कोर्टात का नाही गेले? हाही प्रश्न लोक विचारतात, आणि रास्त आहे. १९९७ मध्ये डॅनियल अराप मोई जिंकले तेव्हा हरलेल्या उमेदवाराने निवडणुकीला आव्हान दिलं होतं. अर्जाची प्रत मोईंच्या हातात जातीने दिली नाही, एवढ्यावर न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. राष्ट्राध्यक्षाभोवती बंदूकधाऱ्यांचं कडं, त्याच्या हातात कागद कोण देणार? तो हरलेला उमेदवार म्हणजे हेच किबाकी. दहा वर्षांनी ते खुर्चीत होते आणि त्यांच्याच बाजूचे लोक दुसऱ्यांना सांगत होते, "तक्रार आहे ना, मग कोर्टात जा." कोण जाणार?

म्हणजे मोजणीवर विश्वास नाही आणि मोजणीविरुद्ध दाद मागायला जागा नाही. मग उरला रस्ता.

१ जानेवारीला एल्डोरेटजवळ कियाम्बा इथल्या चर्चला आग लावली गेली. आत आसऱ्याला आलेली किकुयु बायकामुलं होती. महिनाअखेरीस नाइवाशात त्याचा सूड म्हणून एक घर पेटवलं, आत लुओ, म्हणजे ओडिंगांच्या जमातीची, माणसं होती; एकोणीस जण गेले. दोन महिन्यांत ११०० हून जास्त माणसं मेली आणि काही लाख लोक घरदार सोडून निघाले. या हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या वाकी आयोगाने मृतांची जी मोजदाद केली त्यात एक तृतीयांशाहून जास्त माणसं गोळी लागून मेलेली होती. हा आकडा मी प्रत्येकाला सांगते. गर्दीच्या हातात कोयते, दगड आणि बाण होते. बंदुका पोलिसांकडे होत्या.

नाकुरूचं प्रदर्शनाचं मैदान तंबूंनी भरून गेलं. ममांची बहीण एल्डोरेटकडच्या बर्न्ट फॉरेस्ट गावाहून तिथे आली. मी पीठ आणि ब्लँकेटं घेऊन ममांबरोबर गेले होते. बहिणीच्या अंगावर फाटका स्वेटर, कमरेला लेसो. त्या कापडाची गाठ सोडून तिने प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून घडी घातलेला कागद. शाम्बाचा, म्हणजे शेताचा, मालकीहक्काचा दाखला. पातेली सोडून, कोंबड्या सोडून, नवऱ्याचा फोटो सोडून तिने तो कागद तेवढा उचलला होता. घडीच्या रेषेवर तो फाटत आला होता आणि कडेला धुराचा पिवळा डाग. "हे बघ," ती मला म्हणत होती, "माझ्या सासऱ्याने विकत घेतलंय. चोरलेलं नाही."

ती खरं बोलत होती. आणि तिचं घर जाळणाऱ्या, त्याच भागातल्या कालेन्जिन जमातीच्या पोरांना घरच्या म्हाताऱ्यांनी जे सांगितलं होतं, तेही खोटं नव्हतं. ब्रिटिशांनी रिफ्ट व्हॅलीतल्या उत्तम जमिनी गोऱ्यांसाठी काढून घेतल्या. स्वातंत्र्यानंतर त्या मूळच्या लोकांना परत मिळाल्या नाहीत, विकायला निघाल्या. ज्यांच्या हातात पैसा होता आणि नव्या सत्तेशी ओळख होती त्यांनी कंपन्या काढून, शेअर गोळा करून घेतल्या. त्यांत किकुयु पुष्कळ. म्हणजे एकाच रानावर एकाचा कागद आणि दुसऱ्याच्या आजोबांची आठवण. हा गुंता कुठल्याच सरकारने सोडवला नाही, कारण निवडणुकीच्या वेळी तो फार उपयोगी पडतो. १९९२ ला पडला, १९९७ ला पडला. आपल्या भागात परके लोक म्हणजे "मदोआदोआ", अंगावरचे ठिपके, डाग. डाग पुसायचे असतात. हा शब्द सभांमधून आला, शेतातून नाही. आणि वाकी आयोगाने स्पष्ट म्हटलंय की सुरुवातीचा भडका आपसूक असला तरी पुढे राजकारण्यांनी आणि धंदेवाल्यांनी पैसे पुरवून, आखणी करून माणसं पाठवली.

जुनं वैर म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते. २००२ मध्ये याच किबाकींसाठी याच ओडिंगांनी देशभर प्रचार केला होता. किबाकी अपघातात जखमी होऊन अंथरुणाला खिळले होते तेव्हा सभा ओडिंगांनी घेतल्या. लुओंनी किकुयु माणसाला भरभरून मतं दिली. ते वैर तेव्हा कुठे होतं? फिसकटलं ते सत्तेच्या वाटणीचा शब्द मोडल्यावर, म्हणजे वरच्या दहा-वीस माणसांत.

खाली मात्र नावच पुरायचं. वान्जिकू म्हटलं की किकुयु, ओधियाम्बो म्हटलं की लुओ. आडनावावरून माणूस ओळखायची खोड आपल्यालाही आहे, म्हणून मला ते चटकन कळलं. रस्त्यावर लाकडं टाकून पोरं मातातू, म्हणजे प्रवासी गाड्या, थांबवायची आणि ओळखपत्र मागायची. जमातीला स्वाहिलीतही शब्द कबीलाच.

आमच्या हिशेबखात्यात एक लुओ मुलगा होता. जानेवारीच्या शेवटी नाकुरूतच आग भडकली, संचारबंदी लागली, तेव्हा तो तीन रात्री आमच्या सामानाच्या खोलीत राहिला. पोत्यांवर झोपायचा, खोकला आला की उशीत तोंड खुपसायचा. रोज संध्याकाळी त्याला उगाली आणि सुकुमा ममा आणून द्यायच्या, ताटावर कापड टाकून, कुंपणाच्या मागच्या बाजूने. गल्लीतल्या किकुयु पोरांना कळलं असतं तर ममांचंही घर राहिलं नसतं. चौथ्या दिवशी पोलिसांच्या पहाऱ्यात लुओंच्या किसुमूकडे बसेस निघाल्या, त्यांतल्या एकीत तो गेला. हातात एक पिशवी. सायकल आमच्याकडेच राहिली.

पुढचं तुम्ही पेपरात वाचलं असेल. कोफी अन्नान यांनी मध्यस्थी करून २८ फेब्रुवारीला सत्तावाटपाच्या करारावर किबाकी आणि ओडिंगा दोघांची सही घेतली, ओडिंगा पंतप्रधान झाले. २०१० मध्ये नवी राज्यघटना आली, ४७ काउंटी झाल्या, सर्वोच्च न्यायालय नवं उभं राहिलं. या हिंसाचाराबद्दल हेगच्या न्यायालयात ज्यांच्यावर खटले भरले गेले त्यांतले उहुरू केन्याटा आणि विल्यम रुटो, २००७ ला समोरासमोरच्या गोटांतले, २०१३ ला एकत्र येऊन निवडून आले. खटले एकेक करून बारगळले. त्या कागदवाल्या बाईचं घर कोणी जाळलं, कोणाच्या पैशांवर जाळलं, हे कुठल्याच कोर्टाने सांगितलेलं नाही. याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि जावा असंही वाटत नाही.

पण १ सप्टेंबर २०१७ ला तेव्हाचे सरन्यायाधीश डेव्हिड मारागा यांच्या सर्वोच्च न्यायालयाने सत्तेवरच्या राष्ट्राध्यक्षाची निवड रद्द केली तेव्हा मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. आफ्रिकेत हे पहिल्यांदा घडत होतं. त्याच निवडणुकीच्या आधी आयोगाची संगणक यंत्रणा सांभाळणारे क्रिस म्सान्डो यांचा खून झाला होता, आणि मतदानानंतर किसुमूत पोलिसांच्या मारात सहा महिन्यांचं बाळ गेलं होतं. सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. मोजणीला आव्हान द्यायला एक दार उघडलं, इतकंच म्हणते.

२०२२ ला आयोगाने ४६ हजारांवर मतदान केंद्रांचे फॉर्म ३४ए, म्हणजे त्या त्या केंद्रावरच्या मतमोजणीचे कागद, जसेच्या तसे संकेतस्थळावर टाकले. हाच फॉर्म केंद्राच्या दारावरही चिकटवायचा असतो. तेव्हा किसुमूहून आमच्या त्या मुलाने, आता त्याला मुलगा तरी कशाला म्हणायचं, मला दोन फोटो पाठवले. एक शाळेच्या निळ्या दारावरच्या फॉर्मचा, एक संकेतस्थळावरचा. खाली लिहिलं होतं, "मॅडम, दोन्ही टॅली झाले." त्याचा उमेदवार, ओडिंगाच, दीड टक्क्याच्या आसपास मतांनी हरला. ते कोर्टात गेले, तिथेही हरले. दुसऱ्या दिवशी मी फोन केला तेव्हा तो दुकानात होता, मागे गिऱ्हाइकाचा आवाज येत होता.

बोलता बोलता त्याने विचारलं, "माझी सायकल?" २०११ ला निघताना मी ती ममांकडे दिली होती. ममांना कळवलं. त्यांनी सांगितलं, टायर गेलेत, बाकी ठीक आहे, येऊन घेऊन जा म्हणावं.

तो अजून नाकुरूला गेलेला नाही.